आवळ्याचा रस आणि गळका पंप

पऱ्हाटीत तण वाढलं की गावाच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरू लागतो : "तणनाशक मारून आल्यावर ग्लासभर आवळ्याचा रस घ्या. त्यातले अँटीऑक्सिडंट किडनीतलं विष धुऊन काढतात. उंदरांवर सिद्ध झालंय." 2017 च्या फवारणीच्या विषबाधेनंतर यवतमाळकडे असा मेसेज कोणी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच लिहितोय.

आधी 'धुऊन काढतात'चं पाहू. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत शिरलं की तिथला इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतं. त्यातून जाळणारा सुपरऑक्साइड तयार होतो आणि पॅराक्वाट पुन्हा होतं तसं होऊन त्याच कामाला लागतं. पेशीचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, ताजं ठेवणारी रसदही त्यातच संपते. अँटीऑक्सिडंट फार तर सुपरऑक्साइड टिपेल, पॅराक्वाट जागेवरच. ढोर वावरात तसंच उभं, आणि आपण मोडलेली पऱ्हाटी सरळ करत बसायची! ते विष बाहेर टाकायचं काम किडनीचंच. तीच मार खाते तेव्हा विष रक्तात साचतं आणि फुप्फुसं धरतं.

उंदरांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. अशा बऱ्याच प्रयोगांत उंदराला अर्क आधीपासून किंवा विषासोबतच देतात, तोही वजनावर मोजून. आपण रस पितो संध्याकाळी, दिवसभर भिजल्यावर. माणसांत पॅराक्वाटवर व्हिटॅमिन सी, ई, एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटीऑक्सिडंट औषध, सगळं वापरून झालंय. खात्रीचा उतारा एकही ठरला नाही.

'रसानं नुकसान तर नाही ना?' आवळ्यानं नाही. पण व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या रोज घेतल्या तर त्यातून ऑक्सलेट बनतं, मुतखड्याची भीती वाढते. किडनी आधीच अधू असेल तर फळांच्या रसातलं पोटॅशियमही जड जातं. खरं नुकसान वेगळंच : रस आहे म्हणून हातमोजे घरी राहतात, ओला सदरा तसाच अंगावर वाळतो. जखमेतून, भिजल्या कातडीतून विष आत जातं. साबणानं अंघोळ लगेच हवी. आणि तोंडात गेलं असेल तर घोटभरही जीव घेतो. रस शोधत बसू नका, तणनाशकाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

हे सांगितल्यावर शेजारचे काका म्हणाले, "मंग आवळा खाऊच नोको काय?"

"खा ना बाप्पा, मुरब्बा करा, लोणचं करा. पण पंप गळत असन तं आधी वायसर बदला."