कॅसेट की कार्ड, आणि मधला गडगा

कोकणात कुठलीच वस्तू एकट्याने विकत घेता येत नाही. मिक्सर घ्यायचा म्हटला तरी वाडीतली चार माणसं पडवीत बसून मत देऊन जातात, आणि त्यातल्या तिघांकडे मिक्सर नसतो. २००९ साली मी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं मनात आणलं, आणि आमच्या हिने ते विहिरीवर सांगितलं. झालं. संध्याकाळी पडवीत चहाचे कप कमी पडले.

तोवर घरातल्या कार्यांचं शूटिंग बाजारातला शूटिंगवाला काढायचा. त्याच्या कॅसेटीत नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येत आणि शेवटी एका हृदयात अंतर्धान पावत. मधला दीड तास फक्त जेवणावळ. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नवऱ्या मुलापेक्षा अळूवडीच जास्त वेळ दिसते. आपलं शूटिंग आपण काढावं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

कुडाळच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने पहिल्याच वाक्यात गारद केलं. “कॅसेटवाला देऊ की बिनकॅसेटचा?”

बिनकॅसेटच्याही तीन जाती निघाल्या. एकात आठ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी. ती चांगल्या दर्जावर वीसेक मिनिटांत भरते, म्हणजे आमच्या गणपतीच्या आरत्याही त्यात संपायच्या नाहीत; ‘घालीन लोटांगण’ला दुसरी तबकडी. दुसऱ्यात हार्डडिस्क. कॅमेरा हातातून निसटतोय असं कळलं की ती आपलं डोकं आवरून घेते म्हणे. ही सोय ज्याने शोधली तो मुंबई-गोवा हायवेने कधी आला नसावा. पनवेलहून निघालेली ती डिस्क झाराप येईपर्यंत डोकं वर काढती ना. राहिलं कार्ड. नखाएवढं. दुकानदाराने ते काचेवर ठेवलं आणि दोघेही ते उडू नये म्हणून श्वास रोखून उभे राहिलो.

गणपतीला ठाण्याहून आलेला पुतण्या कार्डाच्या बाजूचा. “काका, टेप संपली. सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून २००६ मध्ये नवा फॉरमॅट काढलाय, एव्हीसीएचडी. सोळा जीबीच्या कार्डात दोन तास हाय डेफिनिशन. कार्ड काढायचं, कॉम्प्युटरला लावायचं, पाच मिनिटांत काम फत्ते.” मग त्याने ठाण्याहून आणलेला नमुना माझ्या कॉम्प्युटरला लावून दाखवला. चित्र एकदम लख्ख. फक्त हलेना. त्याच्या मुलीने वाढदिवसाच्या मेणबत्तीवर फुंकर मारायला गाल फुगवले ते फुगवलेलेच राहिले. आवाजात मात्र टाळ्या वाजून लोक जेवायलाही बसले होते. “तुमचा प्रोसेसर जुना आहे, काका,” तो म्हणाला. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर कॉम्प्युटरही नवा. शिवाय त्या फायलींना नावं काय, तर शून्य शून्य शून्य शून्य तीन. उद्या बारसं कुठलं आणि बारावं कुठलं, हे उघडून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

कॅसेटीचं तंत्र त्यामानाने सरळ. मिनी डीव्ही, १९९५ पासूनची, काडेपेटीहून जराशी मोठी. साठ मिनिटांची टेप, साठ मिनिटांचं शूटिंग. पण कॉम्प्युटरवर उतरवायलाही साठच मिनिटं, कारण ती टीव्हीवर बघताना चालवतो तशी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावी लागते. त्यात भारनियमन जोरात. वीज यायची तेव्हा पंप लावायचा, दळण दळायचं, मोबाईल चार्ज करायचा; त्या रांगेत एक कॅसेटही उभी. तासाचे तेरा जीबी उतरत असताना पन्नासाव्या मिनिटाला लाइट जाण्याचं दुःख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. आणि कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक दिसतं म्हणून हुरळून जाऊ नये. ते बहुतेकांत फोटोंपुरतं. खरा व्हिडिओ उतरतो फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीने, आणि ते भोक माझ्या कॉम्प्युटरला नव्हतं. त्याचं वेगळं कार्ड घ्यावं लागतं. म्हणजे कार्ड टाळायला कॅसेट घ्यावी, तर कॅसेटीसाठी कार्ड.

त्यावर आमची हवा. आषाढात आमच्या मिठाच्या बरणीत पाणी होतं आणि चामड्याच्या चपलेवर हिरवी मखमल चढते. टेपच्या कॅमेऱ्यात एक छोटा ड्रम मिनिटाला नऊ हजार फेरे घेतो आणि टेप त्याला चिकटून सरकते. तिथे दमटपणा साचला तर टेप गुंडाळलीच. म्हणून कॅमेरा स्वतःच ‘ओल आहे’ असं सांगून संप करतो. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा, असं त्याच्या पुस्तकात लिहिलेलं. कोरडं व्हायला तासभर! आमच्याकडे धुतलेली चादर चार दिवस वाळत नाही.

दुकानदाराने प्रात्यक्षिकासाठी दोन्ही कॅमेरे जत्रेला नेऊ दिले, हा त्याचा मोठेपणा. दशावतार उभा राहतो मध्यरात्रीच्या सुमारास आणि संपतो कोंबडा आरवल्यावर. संकासुराने भटजीची खोड काढायला आणि कॅसेट संपायला एकच गाठ. अंधारात दुसरी घालेपर्यंत लोक हसून मोकळे. कार्डवाला कॅमेरा चालू राहिला. फक्त त्यातल्या राजाच्या तोंडाला मुंग्या लागल्यासारख्या दिसत होत्या, कारण भिंग बारीक आणि उजेड दोन ट्यूबलाइटचा. पहाटे दोन्हींवर दव.

शेवटी निकाल दिला अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना ना दशावतारात रस, ना बारशात. आमच्या आणि चुलत घराच्या मधल्या जांभ्याच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, जो दिवाणी दावा चालू आहे, तो त्यांनी वडिलांकडून घेतला आणि तब्येतीसारखा जपला. त्यांनी कार्ड चिमटीत धरलं, उजेडात पाह्यलं.

“ह्या पुसुक येता?”

“येतं ना अण्णा. पुसायचं आणि परत वापरायचं. तोच तर फायदा.”

“मगे कोर्टात काय दाखवतलंस? कोर्ट मूळ प्रत मागता.”

पुतण्याने कॅसेटही पुसता येते असं सांगून पाहिलं. पण दुकानदार गडी हुशार. त्याने कॅसेटीच्या कडेचं बारीक बटण सरकवून दाखवलं. ‘सेव्ह’कडे सरकवलं की तिच्यावर दुसरं काही भरत नाही. अण्णांचे डोळे चकाकले. तलाठ्याच्या सहीनंतर प्रथमच त्यांना कुणावर तरी भरवसा ठेवावासा वाटला. “ही पेटयेत घालून कुलूप लावुक येता,” ते म्हणाले. सातबारा, सनद आणि आजोबांची गहाणखतं असलेली ती शिसवी पेटी. तिथे नखाएवढ्या वस्तूला स्थान नाही. कॅसेटवाला कॅमेरा घरी आला. उतरत्या बाजारात दुकानदाराने किंमतही पाडून दिली. तो इतका का हसत होता ते मात्र विचारलं नाही.

घरी आल्या आल्या अण्णांनी सगळ्या कोऱ्या कॅसेटींची बटणं ‘सेव्ह’कडे सरकवून ठेवली. खबरदारी म्हणून. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला कॅमेरा एकही कॅसेट घेईना, आणि मी भटजींना संकल्पाच्या आधी दहा मिनिटं थांबायला लावलं.

मग गडग्याचं शूटिंग. अण्णा काठीने एकेक चिरा दाखवतायत, मी मागून. पलीकडून आमचा चुलतभाऊ आप्पा बाहेर आला. आता भांडण होणार म्हणून मी कॅमेरा छातीशी धरला. आप्पा आत गेला, इस्त्रीचा शर्ट घालून आला, केसांना पाणी लावलं आणि गडग्याला हात टेकून उभा राहिला.

“माझ्या झिलाक एक कॉपी दी रे. मुंबयक घर बघूक आवडता तेका.”

कॉपी करायची म्हणजे पूर्ण कॅसेट चालवणं आलं. आप्पा रात्री लाइट असताना आला, आमच्या खुर्चीत बसला, हिने चहा दिला. अण्णा आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन. पडद्यावर गडगा, मग गडगा, मग पुन्हा गडगा. चाळीस मिनिटं आप्पा गप्प. मग पुढे झुकला.

“जरा फाटी घी.”

“घेता येत नाही रे. मागे घेतली तर उतरवणं तुटेल, पहिल्यापासून करावं लागेल.”

“कर मगे. ह्यो फणस आमच्या बाजूक दिसता.”

आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला, आणि अण्णा म्हणाले, “बटण खंयच्या बाजूक हा ता बघ आदी.”