मुलांचा लांबलेला खोकला आणि ‘९०० वर्षे सिद्ध’ चिनी काढा

सिंगापूरमधील मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा: मुलाचा खोकला दोन-तीन आठवडे हटत नसेल तर ॲलोपॅथी हरली असे समजावे आणि सुंग राजवटीतील एका चिनी बालवैद्याचा ९०० वर्षे सिद्ध झालेला काढा सुरू करावा. तो पूर्णपणे नैसर्गिक असल्याने त्याचा अपाय होत नाही, पाच-सहा दिवसांत खोकला मुळापासून जातो, चिनी औषधांना नोबेल मिळालेले आहे, सिंगापूर सरकारची त्यांना मान्यता आहे, आणि कफ सिरपने तर मुले दगावतातच. खाली घटकांची यादी, ‘मोठ्यांच्या निम्मी’ अशी मात्रा, आणि किमान दहा आयांना पाठवण्याचा आग्रह. माझ्या तिथल्या मावसबहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला बालवाडीत जाऊ लागल्यापासून खोकला आहे. “ताई, चिनी दुकानातून आणून देऊन पाहू का गं? सगळ्याजणी देतायत,” असा प्रश्न जोडून तिने तो संदेश मला पाठवला, म्हणून हे उत्तर जरा तपशिलाने आणि खरे सांगायचे तर चिडून लिहीत आहे.

तीन आठवडे खोकला म्हणजे औषध हरले, या समजुतीवर संदेशाचा सगळा डोलारा उभा आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली मुलांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गांचा एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. कोणते लक्षण किती दिवस टिकते, एवढाच त्याचा विषय होता. सर्दीतून आलेला साधा खोकला निम्म्या मुलांमध्ये दहा दिवसांत थांबतो, आणि दहापैकी नऊ मुलांमध्ये थांबण्यासाठी २५ दिवस लागतात, असे त्यात आढळले. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला खोकला हा बहुतेक वेळा आजार वाढल्याचा पुरावा नसून नेहमीच्या आजाराची शेपटी असते. आता आईचा धीर कधी सुटतो ते पाहा. विसाव्या दिवसाच्या आसपास ती काढा सुरू करते, पाच-सहा दिवसांनी खोकला थांबतो, आणि श्रेय काढ्याला जाते. त्या दिवशी मुलाला कोमट पाणी दिले असते, दृष्ट काढली असती किंवा काहीच केले नसते, तरी बहुतेक मुलांचे तेच झाले असते. ‘माझ्या मुलाला गुण आला’ असे सांगणारी आई खोटे बोलत नाही. तिच्याकडे काढा न दिलेले तेच मूल तुलनेसाठी नसते, इतकेच. त्यात बालवाडीतल्या मुलांना एक सर्दी संपते न संपते तोच दुसरी लागते, त्यामुळे दोन-तीन खोकले मिळून एकच अखंड खोकला वाटतो.

दहांपैकी उरलेल्या एका मुलाची काळजी खरोखर करायला हवी, आणि हा संदेश नेमका त्याच्याच वाटेत आडवा येतो. चार आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला बालरोगतज्ज्ञ दीर्घकालीन म्हणतात आणि त्याचे कारण शोधतात. ओला, कफाचा खोकला असेल तर श्वासनलिकांत ठाण मांडलेला जिवाणूसंसर्ग असू शकतो व तो योग्य प्रतिजैविकाने बरा होतो. रात्रीची ढास आणि घरघर असेल तर दमा, ढासेनंतर उलटी होत असेल तर डांग्या खोकला, शेंगदाणा खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर तो दाणाच श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. घरात कोणाला क्षयरोग असेल किंवा मुलाचे वजन घटत असेल तर चार आठवडेही थांबायचे नसते. श्वास जलद होणे, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे किंवा ओठ निळसर पडणे ही तर त्याच तासाला रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. अडकलेला शेंगदाणा कोणत्याही राजवटीच्या काढ्याने निघत नाही.

आता त्या यादीकडे वळू. ती कितीजणींनी वाचली याविषयी मला शंका आहे, कारण तिच्यातला पहिलाच पदार्थ गाढवाचे कातडे उकळून केलेला सरस आहे आणि संदेश पाठवणाऱ्या कित्येक घरांत अंडेही चालत नाही. पण ते सोडा. काढा खरोखरच जुना आहे, हे मान्य करते. अकराव्या शतकातील छ्यान यी हे चिनी बालवैद्यकाचे जनक मानले जातात, आणि हा पाठ, म्हणजे काढ्याची ही कृती, त्यांच्या नावावर बाराव्या शतकाच्या आरंभी संकलित झाला. त्यात सरस, ज्येष्ठमध, जर्दाळूच्या बियांचा गर, चिकट तांदूळ वगैरेंबरोबर एक फळ आहे, ‘मा-दोउ-लिंग’. संदेशात त्याच्यापुढे ‘फुफ्फुसातील उष्णता काढते’ असे लिहिले आहे. ते ॲरिस्टोलोकिया या कुळातील वेलीचे फळ आहे, आणि या कुळातील वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. हे आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसांत कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या ज्या पहिल्या गटात टाकले आहे, त्याच गटात तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस आहेत.

ही भीती प्रयोगशाळेतील उंदरांपुरती नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्यात एका वनस्पतीच्या जागी चुकून याच कुळातील दुसरी वनस्पती आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अनेकींवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. चीनने या कुळातील काही वनस्पतींवर २००३ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि मा-दोउ-लिंगला तर त्या देशाच्या अधिकृत औषधकोशाच्या २०२० च्या आवृत्तीतून वगळण्यात आले. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने आपण हा काढा मुलाला पाजणार, त्या परंपरेच्या देशानेच त्यातला हा घटक आपल्या यादीतून काढला आहे, आणि आपण मात्र तो दहा आयांना पाठवतो आहोत. सिंगापुरातही या वनस्पतींच्या विक्रीला मनाई आहे. पण संदेशात ‘दुकानात न मिळाल्यास ऑनलाइन मागवा’ अशी सोय करून ठेवलेली आहे, आणि दुकानात ते का मिळत नाही असा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

मग ९०० वर्षांत हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच ‘शतकानुशतकांचा अनुभव’ या युक्तिवादाची मर्यादा दिसते. औषध घेतल्यावर त्याच रात्री जुलाब झाले, पुरळ उठले किंवा झापड आली तर वैद्याला ते दिसते आणि तो पाठ बदलतो. परंतु चौथ्या वर्षी घेतलेल्या काढ्याने चाळिशीत मूत्रपिंड खराब झाले, तर त्या दोन गोष्टींचा संबंध कोणती आजी आणि कोणता वैद्य लावणार? मधली पस्तीस-छत्तीस वर्षे लोक तो काढा गुणकारी म्हणूनच सांगत राहतात, कारण खोकला तर आपोआप थांबलेला असतो. अनुभवाला जवळचा योगायोग दिसतो आणि दूरचा अपाय दिसत नाही. हे मी केवळ चिन्यांना उद्देशून म्हणत नाही. आपल्याकडची ईश्वरी ही वनस्पतीही याच कुळातली आहे, आणि तिलाही हाच नियम लागू आहे.

नोबेलचा मुद्दा ऐकून ऐकून कंटाळा आला आहे. २०१५ साली चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांना पारितोषिक मिळाले ते हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधासाठी. त्यांना धागा एका प्राचीन चिनी ग्रंथातून मिळाला, हे खरे. पण त्यांनी काढा उकळून पाजला नाही. कमी तापमानाला ईथर वापरून त्या वनस्पतीचा अर्क काढला, त्याची प्राण्यांवर आणि मग माणसांवर परीक्षा केली, आणि नेमके द्रव्य वेगळे केले. आपल्या अडुळशाचेही तसेच आहे. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. एका वनस्पतीने कसोटी पार केली म्हणून शेजारची वनस्पती आपोआप पास होत नाही.

सरकारी मान्यतेविषयी थोडक्यात. सिंगापुरात चिनी वैद्यांची कायद्याने नोंदणी होते आणि तयार चिनी औषधांची सूची ठेवली जाते. त्या सूचीसाठी सुरक्षितता आणि गुणवत्ता पाहिली जाते, नव्या आधुनिक औषधाप्रमाणे गुणकारिता सिद्ध करावी लागत नाही. आणि व्हॉट्सॲपवरचा पाठ त्या सूचीत नसतोच.

कफ सिरपविषयी मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य केले पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या सिरपने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. लहान मुलांना या सिरपांचा फारसा उपयोगही होत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘सिरप देऊ नका’ एवढाच आहे, ‘त्याऐवजी मा-दोउ-लिंग द्या’ असा नाही. विषारी सिरपने मूत्रपिंडे बंद पडली म्हणून हळूहळू मूत्रपिंडे पोखरणारा काढा द्यावा, हा तर्क मला समजलेला नाही.

‘मोठ्यांच्या निम्मी मात्रा’ यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. चार वर्षांच्या मुलाचे वजन मोठ्या माणसाच्या निम्मे नसते.

संदेशाच्या शेवटी पेअर वाफवून मधाबरोबर द्यायला सांगितले आहे, त्याला माझी हरकत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ८९९ मुलांवरील सहा चाचण्या तपासल्या गेल्या, आणि काहीच न देण्यापेक्षा मधाने खोकला बहुधा कमी होतो असे आढळले. मात्र तिथेच ‘सहा महिन्यांच्या बाळालाही चालते’ अशी पुस्ती आहे, आणि ती धोकादायक आहे. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. आपल्याकडे घुटीत मध घालण्याची चाल आहे, तिलाही हेच लागू आहे.

बहिणीला मी मुलाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितले आहे, कारण त्याचा खोकला ओला आहे आणि चौथा आठवडा सुरू झाला आहे. ज्यांनी हा काढा मुलाला आधीच दिला आहे, त्यांनी तो ताबडतोब थांबवावा, उरलेली पुडी किंवा तिच्यावरील चिनी अक्षरांचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जावे, किती दिवस दिला ते न लाजता सांगावे, आणि लघवीची व क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची) तपासणी करायला हवी का ते विचारावे.