भित्र्या जिन-आच्या बाजूने

नमस्कार ताई,

‘समथिंग इन द रेन’ या कोरियन मालिकेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर आणि कळकळीने लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी ताईंची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई म्हणतात, नायिका जिन-आ पस्तीसची आणि तिचा प्रियकर जून-ही एकतीसचा, म्हणजे जेमतेम चार वर्षांचा फरक, त्याचं एवढं भांडवल कशाला? नायिका एवढी मोठी होऊनही आईला घाबरते, सगळ्यांशी खोटं बोलते, प्रियकर असताना दुसरं स्थळ बघायला जाते. अशी ‘कणा नसलेली’ बाई प्रेमकथेची नायिका कशी? शेवट ओढूनताणून गोड केलेला आहे. आणि सगळ्यांत टोकाचा प्रश्न: पुरुष मोठा आणि मुलगी लहान असती, तर मी असंच कौतुक केलं असतं का?

हा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर आपल्याकडेच आहे. ही मालिका तिथल्या जेटीबीसी वाहिनीवर 2018 च्या मार्च ते मे महिन्यांत लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झी मराठीवर ‘तुला पाहते रे’ सुरू झाली. विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर, वयात वीसेक वर्षांचं अंतर. घराघरांत रोज संध्याकाळी ती पाहिली गेली. वयावरून चर्चा झाली, नाही असं नाही. पण विक्रांतचं वय त्याच्या कंपनीबरोबर, गाडीबरोबर, रुबाबाबरोबर येत होतं. पुरुषाच्या वाढत्या वयाला आपण अनुभव म्हणतो, स्थिरस्थावर म्हणतो. जिन-आचंही वय वाढलंय, कॉफी कंपनीत तिची इतक्या वर्षांची नोकरी आहे, दुकानदार तिच्या शब्दावर चालतात. घरी मात्र त्या सगळ्या वर्षांचा एकच अर्थ लागतो: लग्नाचं वय निघून चाललंय. तेव्हा ताई, उलट असतं तर मी काय विचारलं असतं ते सांगते. कोणाच्या हातात कोणाची नोकरी, पैसा, भविष्य आहे, हेच विचारलं असतं. इथेही तेच विचारलं. जून-ही जिन-आच्या हाताखाली काम करत नाही, तिच्या पैशावर जगत नाही, गेम कंपनीत त्याचं स्वतःचं उत्तम चाललंय. म्हणून मला ही जोडी बरोबरीची वाटली.

आणि जिथे तशी बरोबरी नाही, तिथे याच दिग्दर्शकाने काय केलं तेही बघा. आन पान-सोक यांची 2014 ची ‘सीक्रेट अफेअर’ तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पहा. तिथली ओ हे-वन चाळिशीची, विवाहित, एका बड्या उद्योगघराण्याच्या कला प्रतिष्ठानात वरच्या पदावर. मुलगा वीस वर्षांचा, कुरिअरची पाकिटं पोचवणारा, पण पियानोवर विलक्षण हात असलेला. त्याचं सगळं करिअर तिच्या एका फोनवर अवलंबून. पहिल्यांदा दोघं एकाच पियानोवर बसून शूबर्टची चार हातांसाठी लिहिलेली फँटसी वाजवतात, तो प्रसंग मी श्वास रोखून पाहिला होता, आणि पाहताना अस्वस्थही होते. दिग्दर्शक ती अस्वस्थता झटकून टाकत नाही. हे-वन ज्या घराण्याचे काळे व्यवहार सांभाळत वर चढली, त्यांची कबुली देऊन तुरुंगात जाते. शिवाय तेव्हा दक्षिण कोरियात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता. 1953 पासूनचं ते कलम, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि ते बाई-पुरुष दोघांनाही लागू. फेब्रुवारी 2015 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केलं. आपल्याकडचं व्यभिचाराचं कलम 497 सप्टेंबर 2018 मध्ये गेलं, आणि त्यात तर शिक्षा फक्त पुरुषाला होती, कारण बायको ही नवऱ्याची मालमत्ता असल्यासारखाच तो कायदा लिहिलेला होता. सांगायचं एवढंच, की वयाच्या फरकाला सरसकट टाळ्या वाजवणारा हा दिग्दर्शक नाही, आणि मीही नाही.

आता चार वर्षांचं. ताई, इथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे! चार वर्षं म्हणजे काहीच नाही. मला वाटतं मालिकाही हेच म्हणते. जिन-आची आई नेमकी कशाला हरकत घेते ते आठवून बघा. जून-हीला तिने लहानपणापासून पाहिलंय. त्याची मोठी बहीण क्यंग-सन ही जिन-आची जिवाभावाची मैत्रीण. आई वारलेली, वडील दुसरा संसार थाटून निघून गेलेले, ही दोन भावंडं एकमेकांच्या आधाराने मोठी झालेली. जिन-आच्या घरी त्यांची ताटं कायम वाढलेली असायची. अमेरिकेहून परत आलेल्या जून-हीला बघून हीच आई हरखून जाते. घरचाच मुलगा! आणि तो जावई होऊ बघतोय असं कळलं, की त्याच मुलाच्या घराण्याची पडताळणी सुरू होते. आईबाप नाहीत, मागे कोणी नाही, नातेवाइकांना काय सांगायचं? आई क्यंग-सनला जे बोलते ते ऐकवत नाही. ज्या पोरीला इतकी वर्षं लेकीसारखं वागवलं, तिला एका दुपारी परकं करून टाकते. वयाचा मुद्दा तोंडी लावण्यापुरता. खरी अडचण घराण्याची आहे.

यामागे कोरियाचा फार जवळचा इतिहास आहे. 2008 पर्यंत तिथे होजू नावाची कायदेशीर पद्धत होती. प्रत्येक घराचा एक कुटुंबप्रमुख, तो पुरुष. बाकी सगळ्यांची नोंद त्याच्या नावाखाली. मुलगी बापाच्या नोंदीत, लग्न झालं की नवऱ्याच्या घरच्या नोंदीत, आणि बापामागून प्रमुखपद मुलाकडे. 2005 मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाविरोधी ठरवली, आणि 1 जानेवारी 2008 पासून ती संपली. म्हणजे ही मालिका लागली तेव्हा तिला जाऊन उणीपुरी दहा वर्षं झाली होती. जिन-आच्या आईचं सगळं आयुष्य त्या व्यवस्थेत गेलेलं. ज्याच्यामागे बाप उभा नाही अशा मुलाच्या घरात लेक द्यायची म्हणजे तिच्या दृष्टीने लेकीला उघड्यावर टाकणं. गिल हे-यन या अभिनेत्रीने ही आई अशी उभी केली आहे की तिचा संताप संताप येतो, पण ती खोटी कुठेच वाटत नाही. मला ती सदाशिव पेठेतही भेटली आहे आणि सांगलीतही.

आता तुमच्या मुख्य आक्षेपाकडे येते. जिन-आ भित्री आहे. हो, आहेच. माझं म्हणणं असं, की मालिकेचा विषयच तो आहे. प्रेमकथा त्या विषयाच्या पोटात आहे.

ऑफिसमध्ये जिन-आला काय नावाने ओळखतात आठवतंय? ‘युन टँबरीन’. ऑफिस सुटल्यावरच्या दारूपार्ट्या आणि मग कराओकेची खोली. साहेब लोक गाणार, आणि मुलींनी हसायचं, ग्लास भरायचे, मांस भाजून द्यायचं, शेजारी बसायला सांगितलं की बसायचं. जिन-आ हातात टँबरीन, म्हणजे खंजिरीसारखं वाद्य, घेऊन सगळ्यांत जोरात वाजवते. का? कारण एकीने पुढे होऊन सगळ्यांना खूश ठेवलं, की वातावरण बिघडत नाही. बाकीच्या मुली सुटतात, साहेब खूश राहतात, उद्याचं काम सुरळीत होतं. ती मूर्ख नाही. कोणाचा हात कुठे जातोय हे तिला पहिल्यापासून कळतंय. पण ‘कशाला उगाच’ हा तिचा स्थायीभाव झालाय. घरी आईपुढे तेच, आधीच्या प्रियकरापुढे तेच. त्या ग्यू-मिनने तर तिच्याशी असलेलं नातं बेचव झालंय असं तोंडावर सांगून तिला सोडलं, आणि तेव्हा त्याचं दुसरीकडे आधीच जमलेलं होतं.

मग एक दिवस ती पार्टीला जायचं नाकारते. कोणी भाषण दिलेलं नसतं, की तिने कुठलं पुस्तक वाचलेलं नसतं. एक माणूस आपल्याला इतकं जपतो, तर आपणही स्वतःला जपायला हवं, असं तिला आतून वाटू लागतं. मला या मालिकेत सर्वांत जास्त भिडलं ते हे. जून-ही तिला सोडवायला येत नाही. त्याच्या नजरेतून ती स्वतःकडे बघायला शिकते, आणि मग ऑफिसातला तो हात तिला सहन होईनासा होतो.

आणि प्रेमातलं पहिलं पाऊल कोण टाकतं? लाल छत्रीचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, पाऊस पडतोय आणि जून-ही मुद्दाम एकच छत्री घेऊन येतो. सुंदर आहेच. मला मात्र बारमधलं टेबल आठवतं. आजूबाजूला ऑफिसची मंडळी, त्यातल्या एका मुलीचा जून-हीवर डोळा, वर टेबलावर गप्पा चालू. आणि टेबलाखालून जिन-आ आपला हात हळूच पुढे करून त्याचा हात धरते. कॅमेरा जून-हीच्या चेहऱ्यावर थांबतो, त्याला काय झालं हे कळायलाच क्षणभर लागतं. जिन-आ झालेल्या सोन ये-जिनने त्या वेळी चेहऱ्यावर काहीही दिसू दिलेलं नाही, फक्त नजर खाली. तुम्ही जिला कणा नसलेली म्हणता, तिने हे केलंय, ताई. लपून केलंय, टेबलाखाली केलंय. पण तिला तेवढंच शक्य होतं आणि तेवढं तिने केलं.

पुढे ऑफिसमधल्या छळाची तक्रार होते, तेव्हा सुरुवातीला सगळ्या मुली एकत्र असतात. मग एकेक जण मागे सरते आणि शेवटी जिन-आ जवळपास एकटी उरते. बक्षीस म्हणून काय मिळतं, तर बदली. हे ज्या काळात दाखवलं तो काळही लक्षात घ्या. 29 जानेवारी 2018 ला सो जी-ह्यन या सरकारी वकील बाई याच जेटीबीसीच्या बातम्यांमध्ये थेट समोर बसल्या आणि 2010 मध्ये एका अंत्यविधीच्या ठिकाणी वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल बोलल्या. कोरियातली ‘मी टू’ चळवळ तिथून पेटली. मार्चच्या सुरुवातीला त्याच वाहिनीवर एका प्रांताच्या गव्हर्नरवर त्याच्या सचिव महिलेने आरोप केले. आणि 30 मार्चला ही मालिका सुरू झाली. म्हणजे बातम्यांत जे चाललं होतं, तेच त्याच वाहिनीवर रात्री जिन-आच्या ऑफिसात दिसत होतं. धाडसी नायिका दाखवणं सोपं होतं. भित्र्या बाईला तक्रारीच्या कागदावर सही करायला किती बळ लागतं, हे दाखवणं अवघड, आणि ते यांनी दाखवलं.

राहिलं ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचं. आईची कटकट थांबावी म्हणून जिन-आ जून-हीपासून लपवून स्थळाला भेटायला जाते. तिथे मी तिची बाजू घेणार नाही. ज्या माणसाने तिला सन्मान दिला त्याच्याशीच ती सर्वांत वाईट वागते. पण हे अचानक आलेलं नाही, टँबरीन वाजवणारीच ही बाई आहे. ऑफिसमधली सवय ती मोडू शकली, घरातली नाही. साहेबाला नाही म्हणणं जमलं, आईला नाही जमलं. यात तुम्हाला लेखिकेचा गोंधळ दिसतो. मला ओळखीच्या कितीतरी बायका दिसतात, ज्या बँकेत, शाळेत, कोर्टात खणखणीत बोलतात आणि माहेरी गेल्या की आवाज खाली येतो.

तुमच्या काही तक्रारी मात्र पटल्या. ग्यू-मिन तिला गाडीत घालून पळवतो तो भाग या मालिकेचा नाहीच, दुसऱ्याच कुठल्यातरी कथेतून आणून चिकटवल्यासारखा आहे. शेवटचे चार-पाच भाग रेंगाळतात. तीच ती गाणी इतक्या वेळा वाजतात की त्यांचा असर निघून जातो. आणि जून-ही अमेरिकेला चल म्हणतो तेव्हा ती नाही म्हणते, ते का, हे लेखिकेने आणखी एक प्रसंग देऊन उलगडायला हवं होतं. मला वाटतं, एका घरातून उठून दुसऱ्याच्या छत्राखाली जायचं तिला नको होतं, स्वतःच्या पायावर एकदा उभं राहून बघायचं होतं. पण हे मला कळण्यापेक्षा जून-हीला कळायला हवं होतं, आणि तेवढी जागा तिथे दिलेली नाही.

शेवटाबद्दल आपलं जमणार नाही असं दिसतंय. तीन वर्षांनी तिच्या आयुष्यात दुसरा, तिची फारशी पर्वा नसलेला माणूस असतो, भावाच्या लग्नात जून-ही समोर येतो आणि दोघं पुन्हा कोसळतात. तुम्ही म्हणता, मग शेवटी जेजू बेटावर होणारी दोघांची भेट ही प्रेक्षकांना दिलेली लाच. पण क्रम बघा ना, ताई. त्याच्या येण्याआधी ती नोकरी सोडते, घर सोडते, आईला सोडते आणि एकटी जेजूला मैत्रिणीकडे जाऊन राहते. कोणासाठी नाही, स्वतःला तिथे राहवेना म्हणून. तो आला नसता तरी ती तिथेच असती. पुनर्भेट वगळून तो भाग पुन्हा एकदा पाहाल का? माझ्या मते गोष्ट तिथेच पूर्ण झालेली आहे, पाऊस आणि मिठी त्यानंतरची.

आणि एक सुचवते. आन पान-सोक यांनी 2024 मध्ये ‘द मिडनाइट रोमान्स इन हागवॉन’ केली. हागवॉन म्हणजे खासगी क्लास. सोलमधल्या दैची-दोंग या भागातल्या अशा क्लासेसमध्ये शिकवणारी नावाजलेली शिक्षिका आणि तिचाच जुना विद्यार्थी, जो आता तिथे शिक्षक म्हणून परत आलाय. लातूर-पुण्याचे क्लासेस माहीत असलेल्या माणसाला तिथलं वातावरण अगदी ओळखीचं वाटेल. इथे कोणाच्या हातात किती सत्ता, हा प्रश्न पुन्हा वेगळ्या रीतीने येतो, आणि तुमचा उलटसुलटचा मुद्दा तिथे जास्त नेमका लागू होईल. मी त्यावर लिहिणार आहे. त्याआधी तुम्ही पाहिलीत आणि पटली नाही, तर जरूर कळवा. तुमच्यासारखं बारकाईने पाहून भांडणारं कोणी असलं की लिहायला हुरूप येतो.