चेसिस नंबर खरा, तरी गाडी कोणती?

जुनी गाडी नावावर करून घेताना चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप अर्जावर चिकटवावा लागतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आरटीओबाहेरचा एजंट गाडीत वाकतो, फडक्याने ग्रीस पुसतो, पातळ कागद अंकांवर दाबून पेन्सिल घासतो आणि आकडे नीट उमटले की गाडीची ओळख पटली असे आपण समजतो. दुर्मीळ प्रोटोटाइप (नमुना म्हणून मोजक्याच बनवलेल्या) स्पोर्ट्स कारचे मूळ शोधणाऱ्याचे काम मात्र हा छाप हातात आल्यावर सुरू होते.

जर्मन कंपनी पोर्शेच्या 917 या शर्यतीच्या गाडीचेच पाहा. नियमाप्रमाणे किमान 25 गाड्या तयार असल्याशिवाय तिला शर्यतीची मान्यता मिळणार नव्हती. पहिल्या तपासणीच्या वेळी बऱ्याच गाड्या सुट्या भागांच्याच रूपात होत्या, त्यामुळे अधिकाऱ्यांनी नकार दिला. मग एप्रिल 1969 मध्ये कंपनीने झुफेनहाउझेनच्या कारखान्यासमोर 25 गाड्या ओळीने उभ्या केल्या. हे काम इतक्या घाईचे होते की कार्यालयातल्या माणसांनाही जोडणीला बसवले होते, आणि पुढे यातल्या अनेक गाड्या खोलून पुन्हा नीट बांधाव्या लागल्या. तेव्हा अमुक गाडी ‘जशी कारखान्यातून निघाली तशीच’ आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, की नेमकी कितव्यांदा निघाली तेव्हाची, असे विचारावेसे वाटते.

यातली पहिली गाडी, म्हणजे 917-001, मार्च 1969 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पांढऱ्या-हिरव्या रंगात झळकली होती. पुढच्या वर्षी हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी फ्रान्समधली ल मान्स ही 24 तासांची शर्यत जिंकून पोर्शेला तिथले सर्व गटांत मिळून पहिले विजेतेपद मिळवून दिले, ते 917-023 या गाडीतून. ती पुढे खासगी मालकीत गेली आणि कंपनीने 001 लाच तिचा लाल-पांढरा रंग व शर्यतीतला 23 क्रमांक चढवून विजेती म्हणून मिरवले. चेसिस नंबर खरा, कारखाना खरा, मालकही तोच; खोटे होते ते फक्त वरचे रूप, आणि बघणाऱ्यांना दिसत होते तेही रूपच.

पोर्शे टाइप 64 चा गुंता याहून अवघड आहे. 1939 च्या नियोजित बर्लिन-रोम शर्यतीसाठी या गाड्यांची आखणी झाली, पण युद्धामुळे शर्यत बारगळली आणि बनल्या त्या तीनच. पहिलीला अपघात झाला व तिसरी तिच्याच दुरुस्त केलेल्या चेसिसवर उभी राहिली. दुसरी अमेरिकन सैनिकांच्या हाती लागली. त्यांनी तिचे छत कापले आणि इंजिन जाम होईपर्यंत ती हाकली. उरलेली तिसरी ऑस्ट्रियन शर्यतपटू ओटो माथे यांनी 1949 मध्ये घेतली आणि 1995 मध्ये मृत्यू होईपर्यंत स्वतःकडे ठेवली. आता हिला तिसरी म्हणावे की पहिली? माझ्या मते दोन्ही, कारण पहिलीचा सांगाडा तिसरीत कसा आला याची नोंद आहे आणि त्यानंतर माथे यांच्या एका हातात ती जवळपास 46 वर्षे राहिली.

इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर 1990 मध्ये ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा खटला आला, त्यातही मुद्दा असाच होता. ल मान्स 1929 आणि 1930 मध्ये जिंकलेल्या या गाडीत तेव्हाचे भाग फारच थोडे उरले होते आणि व्यवहार होता 1 कोटी पौंडांचा. गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, ती एका वेळी एकच होती, म्हणून ती तीच, असा निकाल लागला. सातबाऱ्यावर नावे बदलत जातात, पोटहिस्से पडतात, तरी फेरफाराच्या नोंदी सलग असतील तर जमिनीच्या मुळापर्यंत जाता येते, हे ज्याने तलाठ्याकडे खेटे घातले आहेत त्याला वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणूनच विक्रीच्या जाहिरातींतला ‘ओरिजिनल’ हा शब्द मला संशयास्पद वाटतो. त्यापेक्षा काय, कधी, कोणी आणि कशामुळे बदलले याची तेलकट डाग पडलेली वही दाखवणारा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो.

917-001 ला 2019 मध्ये, मॉडेलच्या पन्नाशीनिमित्त, पुन्हा पांढरा-हिरवा रंग मिळाला. ते योग्यच झाले, तरी अशा कामात जुन्या रंगाचा तळहाताएवढा एक चौकोन दाराच्या आतल्या बाजूस राखून ठेवावा, असे मला वाटते. दुसऱ्या गाडीच्या नावाने काढलेली वर्षेही तिचीच आहेत.