जियानच्या भूमिकेत

घटस्फोटाच्या वाटणीत घरातला टीव्ही माझ्याकडे आला, आणि टीव्हीबरोबर 'डोरेमॉन' या कार्टूनमधला नोबिताही येणार आहे, हे माझ्या वकिलांनी मला आधी सांगायला हवे होते. गेली दोन वर्षे सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी, दुसरीत शिकणारे माझे चिरंजीव आणि चष्मा लावलेला तो जपानी रडवा मुलगा असे तिघे राहतो. तिघांपैकी रोज नेमाने मार खातो तो एकटाच. पण संध्याकाळी त्याला मार बसायला लागला की आमटीला फोडणी देणारा माझा हात थांबतो, कारण त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून प्रश्न यायला सुरुवात होते.

"आई, जियान रोज मारतो, तर नोबिता शाळा का बदलत नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ही चित्रकथा जपानी मुलांच्या मासिकांतून 1969 सालच्या डिसेंबरात सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून हा मुलगा मार खातो आहे. रिकाम्या प्लॉटवरचे ते तीन सिमेंटचे पाइप, त्यांच्यापुढे उभा असलेला जियान, त्याच्या मागून खिदळणारा सुनियो आणि रडत घरी पळणारा नोबिता, हे सगळे इतक्या वर्षांत तसूभरही हललेले नाही. घरी पळाल्यावर तो करतो काय, तर बाविसाव्या शतकातून आलेल्या डोरेमॉन नावाच्या निळ्या मांजराच्या खिशातून एखादे यंत्र मागून घेतो, त्या यंत्राचा अतिरेक करतो आणि शेवटी पुन्हा मारच खातो. या मांजराची उंची 129.3 सेंटिमीटर आणि वजन 129.3 किलो आहे, ही माहिती मला चिरंजिवांनी तेराचा पाढा विचारला असता दिली.

मी हे सगळे हसण्यावारी नेले असते. पण आमच्या पार्किंगमध्येही एक जियान आहे, हे मला जूनमध्ये कळले. चौथीतला, अंगाने भरलेला, आणि 'तुझी बॅट ती माझी, माझी बॅट तीही माझीच' हे जियानचे तत्त्वज्ञान ज्याला कोणी न शिकवता अवगत आहे, असा तो मुलगा. आमची बॅट तीन दिवस त्याच्याकडे मुक्कामाला होती. समोरच्या आजींनी यावर तत्काळ निदान केले, की घरात बापाचा धाक नसला की पोरे अशी बुळी निघतात. ज्याच्या घरी बाप आहे तो मुलगा इतरांच्या बॅटी का पळवतो, याचे निदान मात्र आजींनी केले नाही, आणि मीही त्यांच्याकडे विरजण मागायला गेले असल्यामुळे विचारले नाही.

चिरंजिवांनी स्वतःच उपाय शोधायला सुरुवात केली होती. छोटा भीम लाडू खाऊन कालियाला लोळवतो, या पुराव्यावर त्यांनी एका दुपारी बेसनाचे सहा लाडू खाल्ले आणि ती संध्याकाळ पार्किंगऐवजी न्हाणीघरात काढली. टॉम आणि जेरीचा मार्ग मी आधीच बंद केला होता, कारण डोक्यात हातोडा बसलेला टॉम पुढच्याच क्षणी टुणकन उठतो, आमच्या इमारतीत मात्र तसे होत नाही. तेव्हा मी ठरवले की आता कार्टूनवरूनच शिकवायचे, पण रीतसर शिकवायचे. पडद्यावर जियान आला की मी चित्र थांबवत असे आणि विचारत असे, "आता नोबिताने काय करायला हवे होते?" उत्तरही मीच ठरवून दिले होते: ताठ उभे राहायचे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, खणखणीत आवाजात 'थांब, मला हे आवडत नाही' म्हणायचे, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या गावात मराठी नाटक उभे केले, त्या गावात तालमीशिवाय काही होत नाही. मी पोटाला ओढणीने उशी बांधली, नारिंगी कुर्ता चढवला आणि आमच्या दिवाणखान्यात जियान म्हणून प्रवेश केला.

"जरा ती बॅट दे बघू, बाळा."

"आई, जियान 'बाळा' म्हणत नाही."

दुसऱ्या खेपेला मी आवाज चढवला, तर दिग्दर्शकांचे म्हणणे पडले की जियान गातोसुद्धा. जियानचे गाणे ऐकून लोक कान झाकून पळतात, हे प्रेक्षकांना माहीत असेलच. मी मन घालून भूपाचा एक छोटा ख्याल धरला. दुसऱ्या आवर्तनाला खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि सगळे ठीक आहे ना, असे त्यांनी दारातूनच, माझ्या पोटाकडे पाहत विचारले.

तालीम मात्र फळाला आली. त्याच रात्री ताटात दोडक्याची भाजी पाहून चिरंजीव ताठ उभे राहिले, त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले आणि ते खणखणीत आवाजात म्हणाले, "थांब, मला हे आवडत नाही." तिथून निघून ते मोठ्या माणसाला सांगायलाही गेले, म्हणजे समोरच्या आजींकडे, आणि तिथे जेवून परत आले.

घरचा प्रयोग असा गाजला, तरी पार्किंगच्या दौऱ्यात नट संवाद विसरला. मी गॅलरीतून पाहत होते. चिरंजीव ताठ उभे राहिले इथपर्यंत सगळे बरहुकूम झाले. मग बराच वेळ शांतता पसरली, आणि मग ते काहीतरी बोलले, जे मला वर ऐकू आले नाही. समोरच्या मुलाने मात्र एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि तो दोन पावले मागे सरकला.

"काय म्हणालास रे त्याला?"

"मी म्हटलं, माझी आई जियानच्या आईसारखी आहे."

आता जियान, म्हणजे मूळचा ताकेशी गोदा (आडनाव नाशिककडचे वाटते, पण माणूस जपानीच), साऱ्या जगात कोणाला घाबरत असेल तर फक्त आपल्या आईला. ती बाई दुकान चालवते, मुलाला कान धरून घरी नेते, आणि जियानचे वडील पडद्यावर क्वचितच दिसतात. ही शेवटची गोष्ट चिरंजिवांनी माझ्याआधी हेरली होती. "ती पण सगळं एकटीच करते," असे म्हणून ते दूध प्यायला निघून गेले. इतके दिवस मी स्वतःला त्या निळ्या मांजराच्या जागी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी मंडईची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये शिरले, तर तो मुलगा आमची बॅट दोन्ही हातांत धरून उभा होता. त्याच्या मागे आणखी चौघे होते.

"काकू, ही तुमची बॅट. पिशवी वर आणून देऊ का?"

मी नको म्हणाले. तो घुटमळला.

"काकू, पण तुम्ही गाणार नाही ना?"

मी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती मिरज इथून रिक्षाच्या अंतरावर आहे. हे सगळे त्या मुलांना सविस्तर सांगावे म्हणून मी पिशवी खाली ठेवली आणि नुसता घसा खाकरला, तर पाचही जण जिन्याकडे धावले.