जुनी मिल म्हणे दक्षिणेच्या दारामुळे बुडाली!

सोलापुरातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर सध्या वास्तुशास्त्राचा एक मेसेज फिरतोय. "कारखाना उभारताय? ही सात सूत्रं पाळा, मशीन कधी थांबणार नाही." सूत्रं थोडक्यात अशी: जागा शहराच्या ईशान्येला घ्या, आग्नेयेची फुकट मिळाली तरी नको. दक्षिणेला दार असेल तर भिंत घालून बुजवा. जड यंत्रं नैऋत्येला. शेडचा मध्य, म्हणजे ब्रह्मस्थान, रिकामा. बॉयलर आग्नेयेला. पाण्याची टाकी ईशान्येला. उत्तर बाजू मोकळी. खाली पुराव्यादाखल दोन ओळी: जुनी मिल दक्षिणेच्या दारामुळे बुडाली, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी आग्नेयेला आहे म्हणून तिथे आगी लागतात.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. कुणी शेडच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलं तर माझं काय जातं? पण माझ्या आत्येभावाने, अण्णांनी, टॉवेलच्या मागांसाठी शेड घेतलीय आणि मेसेज वाचून गवंड्याला दक्षिणेचं दार बुजवायला सांगितलंय. आता गप्प बसणं जमणार नाही.

आधी जुन्या मिलचं बघू, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलाय. जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, 1877 ची. ती इथेच का निघाली? रेल्वे 1860 मध्ये सोलापूरपर्यंत आली होती, आजूबाजूला कापूस होता आणि हातमागावर बसणारी माणसं गावातच होती. माल, माणूस, वाहतूक. जागा निवडायचं शास्त्र तेव्हाही तेवढंच होतं. ही मिल सत्तर वर्षं चालली. दार वाईट होतं तर सत्तर वर्षं त्याला कुणी धरून ठेवलं होतं?

ती बंद का पडली, हे शोधायला ज्योतिषाकडे जायची गरज नाही. ऑगस्ट 1949 मध्ये मिलला टाळं लागलं. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून ती ताब्यात घेतली आणि संचालकांना बाजूला करून आपली माणसं बसवली. एक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. चरणजीतलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा 1950 चा निकाल वकिलीच्या पोरांना आजही पाठ करावा लागतो. मिल ताब्यात घ्यायचं कारण सरकारने कायद्यातच लिहून ठेवलंय: गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष, त्यामुळे आवश्यक मालाचं उत्पादन घटलं आणि मोठी बेकारी ओढवली. दार कुठल्या दिशेला होतं याची चौकशी कुणी केलेली नाही. मिलचं तोंड कुठे होतं यावर मी वाद घालत नाही; मालकांचं तोंड कुठे होतं ते त्या कायद्यात लिहिलंय.

आता आगीची ओळ. हिचा मला खरा संताप आहे. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यात लहान मूल होतं. त्या मयतांना पुरावा म्हणून वापरायचं आणि वर सल्ला द्यायचा की दार बुजवा! त्या भागात आगीच्या बातम्या जास्त दिसतात, कारण तिथे कारखाने जास्त आहेत. टॉवेलच्या शेडमध्ये सूत असतं, तयार मालाचे गठ्ठे असतात, आणि मागावरून उडणारं तूस तुळयांवर, ट्यूबलाइटवर, वायरिंगवर बसलेलं असतं. हात फिरवला तर बोटाला कापूस लागतो. एक ठिणगी त्या तुसावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळते आणि मागून धूर येतो. त्या वेळी माणसाला दिशा कळत नाही, फक्त भिंत हाताला लागते. तिथे दार हवं.

1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 38 हेच सांगत होतं: आग लागल्यास आतल्या सगळ्यांना सुरक्षित बाहेर पडायची वाट हवी, आणि ती कायम तशीच ठेवायला हवी. अण्णांच्या शेडला दोनच दारं आहेत, उत्तरेचं मोठं शटर आणि दक्षिणेचं हे छोटं. छोटं बुजवलं की उरतं शटर, आणि मालाचा टेम्पो पाठीमागे घेऊन लावतात तोही तिथेच. अण्णा, दार बुजवू नका. उलट त्याचा पल्ला बाहेर उघडणारा करा, रात्रपाळीत कुलूप लावू नका, आणि त्याच्यासमोर सुताची पोती रचायची नाहीत असं सुपरवायझरला बजावून ठेवा.

ब्रह्मस्थानाचा मुद्दा ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण रोजचं नुकसान यात आहे. मध्य रिकामा ठेवायचा म्हणून अण्णांच्या नकाशात माग चारही भिंतींना चिकटवलेत. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) मोठे रूळ असतात, एक ग्राउंडचा, म्हणजे पायाच्या कापडाचा, आणि एक पाईलचा. टॉवेलवर जे फुंदे दिसतात ते पाईलच्या ताण्याचे, आणि तो ताणा ग्राउंडच्या चार-पाच पट सहज खपतो. म्हणजे पाईलचा बीम सारखा बदलावा लागतो. तो चढतो मागाच्या पाठीमागून. पाठ भिंतीला टेकवली तर बीमची ट्रॉली जाणार कुठून? मग दोन पोरं तो बीम खांद्यावर घेऊन तिरपे घुसणार, जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, शिव्या घालणार आणि शेजारचा माग तेवढा वेळ उभा राहणार. माग मांडायचे ते ओळीत, विणणाऱ्याच्या बाजूने समोरासमोर, म्हणजे एक माणूस दोन्हीकडे बघू शकतो. आणि पाठीला पाठ, मध्ये भरलेली ट्रॉली वळेल एवढी गल्ली. गल्लीची रुंदी टेपने नाही, प्रत्यक्ष ट्रॉली फिरवून ठरवा.

बाकी मांडणीचं गणित सोपं आहे. कुठला माल, दिवसातून किती फेऱ्या, किती अंतर, हे कागदावर लिहायचं आणि ज्यांचा गुणाकार मोठा ती खाती शेजारी आणायची. वार्पिंग (बीमवर ताणा भरणं) मागांजवळ, कटिंग-हेमिंग (टॉवेल कापून कडा शिवणं) पॅकिंगजवळ, पॅकिंग शटरजवळ. अण्णांच्या नव्या नकाशात भरलेले बीम हेमिंगच्या बायकांच्या मधून जातात. हे कुठल्या सूत्रात बसतं?

जड यंत्रं नैऋत्येला का? सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. यंत्राचा पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा लागतो, आणि तो कुठल्या कोपऱ्यात किती खोल आहे हे चाचणीचा खड्डा सांगतो. बॉयलरवर शब्द खर्च करत नाही. अण्णा रंगवलेलं सूत विकत घेणार आणि धुलाई बाहेरून करून घेणार, त्यांना बॉयलर नाहीच.

जागेच्या दिशेबद्दल, नवी शेड शोधणाऱ्यांसाठी, एवढंच. हेमिंग आणि पॅकिंगला येणाऱ्या बायका बहुतेक पूर्व भागातल्या, विडी घरकुल, कुंभारीकडच्या. अक्कलकोट रोड त्यांना परवडतो. चिंचोळीला शेड घेतली तर पुणे रस्त्याने शहराच्या दुसऱ्या टोकापलीकडे रोज गाडी पाठवावी लागेल, आणि तो खर्च प्रत्येक टॉवेलवर चढेल. इसार देण्याआधी हा हिशेब करा, होकायंत्र नंतर काढा.

उत्तरेच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडे उत्तरेचा उजेड एकसारखा येतो, बहुतेक वर्ष थेट ऊन येत नाही. म्हणून जुन्या गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी आणि काचा उत्तरेकडे असायच्या. तुटलेला धागा त्या उजेडात पटकन दिसतो. पण हे सूर्याचं काम आहे, कुबेराचं नाही. आणि सोलापूर साधारण 17.7 अंशांवर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य उत्तरेकडेच झुकलेला असतो. तेवढ्यासाठी काचेवर पडदी लागते, ते काही मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

राहिली टाकी. ती ईशान्येला ठेवायची तर खुशाल ठेवा, त्याने कुणाचं बिघडत नाही. फक्त मोठी घ्या; पाण्याचा दिवस चुकला की काय होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. आणि रोजच्या वापराचा पाइप टाकीच्या तळातून काढू नका, थोडा वर काढा, म्हणजे त्याखालचं पाणी आगीसाठी कायम शिल्लक राहतं.