दिवा बंद केला, पण गरम पाण्याचं काय?

काटकसरीवर मायदेशी वाद रंगला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, थेंबे थेंबे तळे साचे. दुसरी म्हणते, पै-पैची कसर करून कोणी श्रीमंत झालंय का, कमाई वाढवा! थंडीच्या देशातून हे ऐकताना दोघांचा घोटाळा एकच वाटतो: कोणता थेंब केवढा, हे कोणी मोजतच नाही. इथे पहिल्या हिवाळ्याचं बिल आलं की मोजावंच लागतं.

खोलीबाहेर पडताना दिवा बंद करायची शिस्त घ्या. ती ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळातली. आज ९ वॅटचा एलईडी रोज ५ तास उगाच जळला, तरी महिन्याला १.३५ युनिट. आता शॉवर. मिनिटाला ८ लिटरच्या धारेखाली १० मिनिटं म्हणजे ८० लिटर. नळाचं १५ अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायला सुमारे २.३ युनिट. एका अंघोळीत त्या दिव्याचे पन्नास दिवस गेले. २० लिटरच्या बादलीत तीच अंघोळ ०.६ युनिटांत उरकते. दिवा जरूर बंद करा, पण त्यावरून मुलांना ओरडणाऱ्यांनी आधी शॉवरपाशी घड्याळ लावावं.

म्हणून साठवणीच्या गीझरची टाकी ४५ अंशांवर ठेवायची शक्कल मात्र लढवू नये. कोमट साठलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. टाकी ६० अंशांवरच ठेवावी आणि पाणी कमी वापरावं.

नव्याने आलेल्यांची काटकसर सगळ्यात जास्त फसते ती हीटिंगवर. दिवसभर पूर्ण बंद आणि संध्याकाळी रेडिएटरचा, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलचा, व्हॉल्व्ह थेट ५ वर. त्यावरचे आकडे वेगाचे नव्हेत, खोली किती तापल्यावर थांबायचं त्याचे आहेत. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवून खोली लवकर तापत नाही, नुसती तापतच राहते. भिंती मात्र तोवर गार पडलेल्या असतात. २० अंशांच्या हवेत आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या भिंतीवर तिचं पाणी सुटतं: खिडकीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकलेल्या कपाटामागे. तिथे काळी बुरशी धरते, आणि भाड्याचं घर सोडताना ती खरवडून रंग द्यायच्या खर्चात सगळी बचत जाते. त्यापेक्षा घर रिकामं असतानाही १६ अंश राखावेत आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यात तोटाच. समोरासमोरच्या खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडाव्यात. दमट हवा निघून जाते, भिंतींतली ऊब राहते.

घरातच कपडे वाळत घातले की दमटपणात आणखी भर. ५ किलो कपडे वॉशिंग मशीनमध्ये मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळले तरी त्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी उरतं, ८०० फेऱ्यांवर साडेतीन. पिळायला वीज किरकोळ लागते, तेच पाणी उष्णतेने उडवायला कितीतरी जास्त. नाजूक कपडे सोडून फेऱ्या वाढवायला कचरू नये.

उष्ण प्रदेशात हा हिशेब उलटा होतो. तिथे रोज १२ तास फिरणाऱ्या ७५ वॅटच्या जुन्या पंख्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा आला तर दिवसाला अर्धं युनिट वाचतं. तेव्हा ‘परदेशात बघा कसे राहतात’ असे दाखले मायदेशी देण्यात फारसा अर्थ नाही. आणि कमाई वाढवा म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की वाढलेल्या कमाईवर कर लागतो, वाचलेल्या युनिटावर नाही.

सुरुवात मीटरपासून करावी. रात्री झोपताना आणि ८ तासांनी उठल्यावर आकडा टिपावा. हीटर, गीझर, पंखा, एसी सगळं बंद असूनही १ युनिट गेलं असेल, तर घरात सतत १२५ वॅट कोणीतरी खातंय. फ्रिजचा वाटा त्यात असणारच. उरलेला चोर एकेक प्लग काढून शोधावा लागतो.